छातीभर पाणी

पाण्याखाली बघायचा मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवायचा, पट्टा डोक्यामागे घ्यायचा नाही, आणि नाकाने हळूच श्वास आत ओढायचा. मग हात सोडून द्यायचे. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो आपला. पडला तर कितीही देखणा असला तरी परत शेल्फवर. मागच्या उन्हाळ्यात माझी मुलगी इरा कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर समुद्रात स्कॅलप नावाचे शिंपले काढायला निघाली, तेव्हा मी तिला दुकानात उभं करून एकामागून एक सगळे मास्क असे लावून बघायला लावले. दुकानातला मुलगा कंटाळला, इराही कंटाळली. "मॉम, वी आर गोइंग टु बी इन फोर फीट ऑफ वॉटर," ती म्हणाली. चार फूट पाणी. मी तिच्या कपाळावरचे केस मास्कच्या कडेखालून एकेक करून बाहेर काढत राहिले. पुढचे मास्क तिने न कुरकुरता लावले. तिला मी तेव्हा काही सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

मी आठ वर्षांची असताना आम्ही नागपूरहून फ्लोरिडात, टॅलहॅसीला आलो. बाबा एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम करायचे, आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. घरात दोन तऱ्हांची मराठी होती. बाबा वर्धेकडच्या खेड्यातले, आई चिपळूणजवळची. बाबांच्या बोलण्यातलं 'काहून' आणि 'करून राहिलो' ऐकून आई पहिली काही वर्षं हसायची, मग तिचंच बोलणं थोडं तिकडे कललं. स्वयंपाकात मात्र कोणी माघार घेतली नाही. ओलं खोबरं एका फोडणीत, काळा मसाला दुसऱ्या, आणि ओट्यावरचा एक्झॉस्ट फॅन सदा सुरू, कारण शेजारच्या बाईंनी एकदा वासाबद्दल चिठ्ठी टाकली होती. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती. रविवारी आम्ही तिघं तिथे बसून त्रिशरण म्हणायचो. मी पंधरा वर्षांची झाले त्या वर्षी आम्ही चौघं झालो, कारण सुधाकाका आला.

सुधाकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, सुधाकर. वर्क व्हिसावर आला, त्याची कंपनी आमच्याच गावात निघाली, म्हणून आमच्याकडेच राहिला. वय एकतीस, लग्न व्हायचं होतं. तो आला आणि घराचा आवाजच बदलला. तो शिट्टी वाजवत दाढी करायचा, भांडी घासताना ताटांवर ताल धरायचा, फोनवर नागपूरच्या मित्रांशी इतक्या मोठ्याने बोलायचा की आई म्हणायची, "भाऊजी, फोन ठेवलात तरी त्यांना तिथे ऐकू जाईल." माझ्याशी तो फक्त मराठीत बोलायचा. मी इंग्रजीत उत्तर दिलं की कानावर हात ठेवून म्हणायचा, "काय म्हनून राहिली वं सुजे? मले ऐकूच नाही आलं." आणि त्याची मिशी. जाड, काळीभोर, टोकाला किंचित वर वळलेली. माझ्या शाळेतल्या मुली त्याला बघून हसायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या मिशीची गोष्ट मला त्याच वर्षी कळली. माझे आजोबा गिरणीत काम करून गावी परतले तेव्हा त्यांनी मिशी ठेवली होती, पीळ दिलेली. गावातल्या लोकांना ती बघवली नाही. त्यांना चौकात बसवलं आणि सगळ्यांसमोर वस्तरा फिरवला. बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते आणि गर्दीत उभे होते. बाबांनी पुढे आयुष्यभर मिशी ठेवली नाही. रोज सकाळी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, तुळतुळीत दाढी. काकाने अठराव्या वर्षी नागपूरला कॉलेजात पाऊल ठेवलं त्या दिवसापासून कधी काढली नाही. दोघं भाऊ एकाच गोष्टीला दोन टोकांनी धरून होते असं मला आता वाटतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की या विषयावर घरात चेष्टा चालत नाही.

आणि पाणी. त्यांच्या गावात एक मोठी पायऱ्यांची विहीर होती. विदर्भातला उन्हाळा, दगडावर पाय ठेवला तर भाजावा असा, आणि दुपारभर गावातली मुलं त्या विहिरीत उड्या मारायची. बाबा आणि काकाला तिच्या काठावर जायची बंदी होती. ते दोघं लांब बाभळीखाली बसून नुसता आवाज ऐकायचे. उडीचा धप्प, मग क्षणभर काही नाही, मग डोकं वर आल्यावरचं ओरडणं. काका सांगायचा, "ते मधलं जे शांत रायते ना सुजे, तेवढ्यात काय दिसत असन, हेच डोक्यात घोळायचं." आमच्या घराण्यात कोणालाच पोहता येत नव्हतं, याचं कारण एवढंच. इथे आल्यावर महिनाभरात काकाने आमच्या वस्तीतल्या स्विमिंग पूलवर लहान मुलांच्या वर्गात नाव घातलं. सहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत हा मिशीवाला, कंबरभर पाण्यात, फळीला धरून पाय मारतोय. काही महिन्यांतच तो छान पोहायला लागला. बाबा पूलच्या काठावर पँट दुमडून, पाय पाण्यात सोडून बसायचे. त्याहून पुढे ते कधी गेले नाहीत.

स्कॅलपचं खूळ काकाने ऑफिसातून आणलं. आमच्या गावापासून दोन तासांवर मेक्सिकोच्या आखाताचा उथळ किनारा आहे. मैलोन्‌मैल पाणी कमरेच्या किंवा छातीच्या वर जात नाही, आणि तळाशी समुद्री गवताची कुरणं. उन्हाळ्यात काही आठवडे तिथे कोणालाही, लायसन्स काढून, स्वतःच्या खाण्यापुरते स्कॅलप काढता येतात. पंख्याच्या आकाराचा, तळहातात मावणारा शिंपला. तो रुतून बसत नाही, गवतावर टेकून असतो, आणि जवळ गेलं की दोन्ही शिंपा टाळ्या वाजवल्यासारख्या उघडमिट करत पळतो. होडी नांगरायची, पाण्यावर पालथं तरंगायचं, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, आणि दिसला की बुडी मारून हाताने उचलायचा. आईने हे ऐकलं आणि तिचे डोळेच उजळले. लहानपणी ओहोटीला खाडीत तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपल्या, वेचायला जायची ती. "सुकं करीन," ती म्हणाली, "खोबरं लावून. तुमचा तो काळा मसाला त्याला लावायचा नाही, आधीच सांगते."

सामान घ्यायला आम्ही वॉल्टरच्या दुकानात गेलो. वॉल्टर सत्तरीचा, तरुणपणी पाणबुड्याचं काम केलेला, एका कानाने बहिरा. दुकान लहान, रबराच्या आणि जुन्या मिठाच्या वासाचं. आम्ही तिथे एकदा नाही, तीनदा गेलो. त्याने पहिल्यांदा विचारलं, कुठे जाणार, किती खोल. मग भिंतीवरचे, पायात घालायचे लांबलचक फिन बाजूला सारले आणि आखूड काढले. उथळ पाण्यात लांब फिन मारले तर तळाचा गाळ उठतो, मग तुम्हालाही दिसत नाही आणि शेजारच्यालाही. नळी साधी घ्या, वाकडी आणि रुंद. ज्या नळीत खटपटी जास्त त्यात बिघाड जास्त. हातमोजे हवेत, शिंपांच्या कडा कापतात. जाळीची पिशवी हातात धरा, अंगाला बांधू नका, कशात अडकली तर सोडून देता आली पाहिजे. पाण्यात माणूस आहे हे इतर होड्यांना कळावं म्हणून लाल-पांढरा झेंडा. नवीन मास्कच्या काचेला आतून टूथपेस्ट चोळा, नाहीतर ती वाफेने पांढरी होते. आणि एक माणूस कायम होडीवर ठेवा, जो डोकी मोजत राहील. "तो मी," बाबा लगेच म्हणाले.

मास्कवर गाडी अडली ती काकाच्या मिशीमुळे. मास्कच्या रबराची कड वरच्या ओठावर बसते. तिथे केस असले की फट राहते आणि पाणी आत झिरपतं. काकाने नाकाने श्वास ओढला आणि मास्क पडला. दुसरा पडला. पाचवा पडला. वॉल्टर म्हणाला, नाकाखाली एक बारीक पट्टी काढून टाक, कोणाला दिसणारही नाही, बरेच लोक तसंच करतात. काका हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. बाबा खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी पंधरा वर्षांची होते, कंटाळले होते, आणि मी इंग्रजीत, वॉल्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जस्ट शेव्ह इट ऑफ, काका. नोबडी केअर्स."

काका माझ्याकडे वळला आणि पहिल्यांदाच माझ्याशी इंग्रजीत बोलला. "आय केअर," एवढंच. रागाने नाही. वॉल्टरला यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाला, चेहरा तुझा आहे, आपण त्याला बसेल अशी काच शोधू. त्यासाठीच आम्ही तीन खेपा केल्या. शेवटी त्याने मागच्या खोलीतून एक जुन्या पद्धतीचा काळा, लंबगोल मास्क आणला, मऊ जाड कडेचा. मिशीवर बोटभर व्हॅसलिन चोपडून काकाने श्वास ओढला, हात सोडले, आणि मास्क राहिला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीसुद्धा.

माझा मास्क मी एका मिनिटात निवडला होता. समुद्री हिरव्या रंगाचा, पारदर्शक कडेचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे तसाच होता. वॉल्टरने तो माझ्या चेहऱ्यावर ठेवून पाहिला आणि मान हलवली. तुझा चेहरा अरुंद आहे, गालाशी फट राहते. मी हट्ट धरला. आई म्हणाली, ते म्हणतात ते ऐक. काका म्हणाला, "घेऊ द्या ना वहिनी. पोरीच्या मनासारखं होऊ द्या एक." दुकानातल्या माझ्या बोलण्यानंतर तो मला खूश करायला बघत होता, आणि ते कळत असूनही मी त्याचा फायदा घेतला. इतक्या वर्षांनी आठवतं ते हेच, की मला कळत होतं.

त्यानंतरचे दहा दिवस काका घरभर मास्क आणि नळी लावून फिरला. टीव्ही बघताना, कपड्यांच्या घड्या घालताना. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला हवी म्हणायचा. नळीतून येणारा तो श्वास, आत जाताना सूंऽ आणि बाहेर येताना पोकळ, घोगरा हूऽ, आमच्या घराचाच एक आवाज होऊन गेला. आई ओरडायची, "भाऊजी, काढा ते, मला हॉस्पिटलात असल्यासारखं वाटतं." आजही डिशवॉशरमधलं पाणी ओसरायला लागलं की शेवटी एक तसाच आवाज येतो. मी तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेर जाते. नवऱ्याला वाटतं मला त्या यंत्राचा वास आवडत नाही.

त्या दिवशी आम्ही उजाडताना निघालो. आईने पोळ्या, लसणाची चटणी, काकडी, बर्फाचा मोठा डबा घेतला होता. पाइनच्या जंगलातून जाणारा सरळ रस्ता, मग दलदल, मग अचानक आभाळ मोकळं. धक्क्यावर सपाट तळाची, छत असलेली होडी भाड्याने घेतली. काकाला ती चालवायला शिकवायला धक्क्यावरच्या माणसाला पाच मिनिटं पुरली. पाणी काचेसारखं होतं. इतर होड्या लांब लांब, प्रत्येकीवर लाल-पांढरा झेंडा, आणि पाण्यावर ठिकठिकाणी पालथी माणसं, पाठी उन्हात चमकत, हात सैल सोडलेले. आई म्हणाली, "बघा, कशी मेल्यासारखी पडलीत." आम्ही हसलो.

मी आधी उतरले. मास्क दोन मिनिटांत नाकापर्यंत भरला. वर आले, रिकामा केला, पट्टा आवळला, पुन्हा भरला. खारं पाणी नाकातोंडात जाऊन मला ठसका लागला. तिसऱ्यांदा मी होडीच्या शिडीला धरून रडायलाच लागले, आणि होडीवर कोणी पाहू नये म्हणून पलीकडच्या बाजूला गेले. काका तिथे आला. उभा राहिला. पाणी त्याच्या छातीला लागत होतं. त्याने काळा मास्क वर सरकवला, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता तो डोक्यावरून काढून माझ्या हातात दिला. "हा लाव. आतून पुसून घेजो, व्हॅसलिन आहे."

"आणि तू?"

"दे तो हिरवा. मले पाण्याची सवय हाय आता. नाकात गेलं तं शिंकून टाकीन." त्याने हिरवा मास्क घातला. त्या काळ्याभोर मिशीवर तो इतका विचित्र दिसत होता की मी रडता रडता हसले. त्यालाही तेच हवं होतं. मग त्याने नळी तोंडात धरली, अंगठा वर केला, आणि पालथा होऊन गवतावरून सरकत गेला.

काळा मास्क माझ्या चेहऱ्याला घट्ट बसला. मी डोकं पाण्यात घातलं आणि सगळं स्वच्छ दिसलं. ते गवत वाऱ्यावरच्या ज्वारीसारखं एका दिशेला वाकत होतं, आणि त्यात, माझ्या हातभर समोर, पहिला स्कॅलप. त्याच्या शिंपांच्या फटीत कडेने बारीक निळ्या डोळ्यांची रांग असते, खसखशीएवढे डोळे, पण निळे, लखलखीत, आणि ते सगळे तुमच्याकडे बघतात. मी त्याला उचललं. मग दुसरा दिसला, मग एकदम पाच. मी इतक्या आनंदात क्वचितच राहिले असेन. माझा श्वास माझ्याच कानात मोठा वाजत होता आणि जगात दुसरा आवाज नव्हता. मध्येच मला काका दिसला. पालथा, गवताच्या वर, हात सैल, त्याची जाळी बोटांना अडकून पाण्याबरोबर हलत होती. मी त्याच्यापासून चार हातांवरून गेले. त्याला माझी भरत आलेली पिशवी दाखवावी असं मनात आलं. मग वाटलं, आधी पूर्ण भरू, मग दाखवू. मी वळून दुसरीकडे गेले.

मला बाबांची हाक ऐकू आली नाही. डोकं वर काढलं तेव्हा आई होडीच्या कठड्याला धरून किंचाळत होती, आणि बाबा पाण्यात होते. पूलच्या काठापुढे कधी न गेलेले माझे बाबा, शर्ट-पँटसकट, चष्म्यासकट, दोन्ही हातांनी पाणी बाजूला ढकलत चालत होते. पाणी त्यांच्या छातीच्या वर नव्हतं. ते चालत काकापर्यंत गेले आणि त्यांनी त्याला उताणा केला. हिरवा मास्क ओरबाडून काढला आणि लांब भिरकावला. शेजारच्या होडीतली माणसं उड्या टाकून आली, त्यांनी काकाला उचलून वर घेतलं, छाती दाबत राहिले, रेडिओवर बोलत राहिले. धक्क्यावर अँब्युलन्स उभी होती. एका गणवेशातल्या अधिकाऱ्याने बाबांना विचारलं, त्याने कोणता मास्क घातला होता? मी बाकावर बसले होते, काळा मास्क अजून कपाळावर. बाबा माझ्याकडे आले, माझ्या डोक्यावरून तो काढून घेतला, माझ्याकडे न बघता, आणि अधिकाऱ्याच्या हातात दिला. "हा," ते म्हणाले. मला वाटलं, त्यांना काही सुचत नाहीये.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हृदयाची एक नस आधीपासून अरुंद झाली होती. छातीत पाणीही होतं. कोणतं आधी झालं ते सांगता येत नाही. हे वाक्य बाबांनी घरी येऊन आम्हाला मराठीत सांगितलं, आणि मी ते तेव्हापासून रोज ऐकते आहे. कोणतं आधी. त्याची जाळी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिच्यात एकही स्कॅलप नव्हता. म्हणजे जे झालं ते माझ्याकडून तो मास्क घेतल्याबरोबर, पहिल्या काही मिनिटांत झालं. म्हणजे मी त्याच्या चार हातांवरून गेले तेव्हा. अंत्यविधीला अटलांटाहून, जॅक्सनव्हिलहून आपली चार-पाच कुटुंबं आली. बुद्धवंदना झाली. त्याआधी बाबांनी तिथल्या माणसाकडे कंगवा मागितला आणि काकाची मिशी स्वतः विंचरली, दोन्ही टोकं बोटाने वर वळवली. त्याला बराच वेळ लागला. कोणी त्यांना घाई केली नाही.

मग घर गप्प झालं. आई स्वयंपाक करायची, आम्ही जेवायचो. काकाचं नाव कोणी काढलं नाही, त्याचा फोटो मात्र हॉलमध्ये लागला आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसायला शिकले. मी कोणालाच सांगितलं नाही की मास्क बदलला होता. पहिल्या वर्षी भीतीने, मग उशीर झाला म्हणून, मग आणखी उशीर झाला म्हणून. लग्न झालं, इरा झाली. पाण्यावर पालथं पडलेलं माणूस मला बघवत नाही. हॉटेलच्या पूलमध्ये अनोळखी माणसांच्या पाठीवर मी हात ठेवला आहे आणि मग माफी मागितली आहे. इरा पाळण्यात पालथी झोपली की मी तिला उताणी करायची, ती पुन्हा वळायची, मी पुन्हा. मोठी झाल्यावर ती सोफ्यावर पालथी पडून पुस्तक वाचायची, तर मी उगाचच हाक मारायची. "व्हॉट?" ती विचारायची. "काही नाही."

इरा मागच्या उन्हाळ्यात पाण्यावरून सुखरूप परत आली, त्यानंतर दोन दिवसांनी मी टॅलहॅसीला आईबाबांकडे गेले. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, आई त्यांच्या पाच वर्षं मागे. घर तेच. दुपारची वेळ होती, आई ओट्याशी वांगी चिरत होती, फॅन सुरू होता. बाबा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. मी इराने काढलेले फोटो दाखवणार होते. फोन हातात घेतला आणि त्याऐवजी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी सुधाकाकाच्या तोंडावर माझा मास्क होता. माझा गळत होता म्हणून त्याने मला त्याचा दिला."

बाबांनी चष्मा काढला. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "मीच काढला ना तो. मीच फेकला. त्या माणसाने विचारलं तेव्हा तुझ्या डोक्यावर काळा दिसला, म्हणून तोच दिला."

"मग तुम्ही मला कधी..."

"तू पंधरा वर्षांची होतीस. मला वाटलं, तुझ्या लक्षात नसेल आलं. आलं नसेल तर आपण कशाला सांगायचं." ते चष्मा पुसत राहिले, तो स्वच्छ असूनही. "आणि मास्कचं काय घेऊन बसली तू. डोकी मोजायला मी होतो. मी त्याला बघत होतो, सुजू. सगळा वेळ बघत होतो. तुझ्या आईला म्हटलं, पाह्य, कसा राजासारखा पडलाय पाण्यावर. विहिरीपाशी बसायचो ते आठवलं. म्हटलं, बघू दे त्याला पोटभर. आवाज नको द्यायला." त्यांनी चष्मा मांडीवर ठेवला. "अर्धा तास मी आवाज दिला नाही."

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले. स्वयंपाकघरातला फॅन बंद झाला. आई दारात आली, हात पदराला न पुसताच, आणि येऊन सोफ्याच्या कडेवर बसली. स्वयंपाक अर्धा टाकून ती कधी बसत नाही.

"मला वाटलं होतं, मी हे घेऊनच जाईन," ती म्हणाली. आमच्यापैकी कोणाकडेच ती बघत नव्हती. "त्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा भाऊजी आत आले. म्हणाले, वहिनी, छातीत जळजळून राहिलं. डावा खांदा चोळत होते. मी त्यांना ॲसिडिटीची गोळी दिली. म्हटलं, रात्रीचा तुमचा काळा मसाला बोलतोय. ते हसले. म्हणाले, दादाला सांगू नका, तो सगळं कॅन्सल करेल." तिने हातांकडे बघितलं. "मी लॅबमध्ये दिवसभर हार्टच्या पेशंटांचंच रक्त बघायचे. खांदा चोळताना मी त्यांना बघितलं होतं."

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग उठले. आता त्यांना उठायला वेळ लागतो, काठी शोधावी लागते, पण त्यांनी काठी घेतली नाही. खुर्चीला, मग माझ्या खांद्याला, मग सोफ्याला धरत ते तिच्यापर्यंत गेले आणि शेजारी बसले.

"इतकी वर्षं तू एकटीच हे घेऊन बसली?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "आणि तुम्ही?"

मी तशीच जमिनीवर बसून होते. आईने हात पुढे करून मला दोघांच्या मध्ये ओढून घेतलं. तिच्या हातांना वांग्याचा वास येत होता.